माणुसकीच्या हक्काचा दावा

इ. स. १८७७ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावाहून सावित्रीबाई फुले यांनी आपले पती जोतीराव यांना एक पत्र लिहिले. त्या पत्रात घरच्या कुशलापेक्षा मुलखाच्या दैन्याचीच हकिगत अधिक आहे. पावसाने दगा दिलेला, चाऱ्यापाण्यावाचून गुरे जागोजाग मरून पडलेली, माणसे घरदार सोडून वाट फुटेल तिकडे निघालेली. आणि अशा आकांतातही सावकाराची वसुली थांबलेली नाही. जोतीरावांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे स्वयंसेवक गावोगाव हिंडून भुकेल्यांना धीर देत होते. सावकारांशी त्यांचा खटका उडाला, कागाळ्या सरकारापर्यंत गेल्या आणि त्या स्वयंसेवकांनाच कैद झाली. तेव्हा सावित्रीबाई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. आपली माणसे दरोडेखोर नव्हेत, भुकेल्यांचे कैवारी आहेत, हे त्यांनी त्यास पटवून दिले. स्वयंसेवक सुटले, आणि त्याबरोबर ज्वारीच्या गाड्याही उपाशी लोकांच्या वाट्यास आल्या.

प्रसंग लहान आहे. त्या भीषण वर्षाच्या सरकारी अहवालांत त्याला कदाचित एका ओळीचीही जागा मिळाली नसेल. परंतु राज्यकर्त्याचा अंमलदार आणि नाडलेल्या रयतेची प्रतिनिधी असलेली एक स्त्री समोरासमोर उभी राहतात, तेव्हा ती कशाच्या बळावर मागते, दयेच्या की हक्काच्या, हा जो प्रश्न त्या भेटीत उभा राहिला, तोच पुढील १३ वर्षे जुन्नरच्या भूमीत निरनिराळी रूपे घेत राहिला. प्रथम तो दुष्काळी कामावरच्या मजुराच्या वेतनाचा झाला, मग लग्नघरातील दक्षिणेचा झाला, मग जमिनीच्या खंडाचा झाला. आणि शेवटी पुण्यात, अर्धे अंग लुळे पडलेल्या एका वृद्धाच्या बिछान्याशी येऊन त्याने आपले सर्वांत खोल उत्तर मिळविले. त्या उत्तराचा हा इतिहास आहे.

जुन्नर हे दरिद्री गाव म्हणून इतिहासात आलेले नाही. कोकणातून नाणेघाट चढून आलेला व्यापारी येथेच पहिला विसावा घेई. सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्या घाटाच्या माथ्यावर आजही आहे. भोवतीच्या डोंगरांतील लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या अक्षय ठेवींचीही नोंद आहे. मुद्दल कायम ठेवून त्याच्या व्याजावर लोकोपयोगी कार्य चालवावे, ही व्यवस्था दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या भागातील कारागिरांना ठाऊक होती. पुढे येथेच निजामशाहीचा पाया घातला गेला, आणि १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. मात्र ज्या वर्षी तो जन्म झाला, त्याच वर्षी दख्खनवर महाभयंकर दुष्काळाची छाया पडू लागली होती, हेही विसरून चालणार नाही. पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेस चार कोसांवर कोरडे माळ, अशा भूमीत संपन्नता आणि उपासमार यांचे शेजार नेहमीचेच असते. आणि म्हणूनच राज्य कसे चालले आहे, याची परीक्षा येथे इतर ठिकाणांपेक्षा लवकर होते.

इंग्रजी अमलात ही परीक्षा अधिकच कठीण झाली. रयतवारीच्या पद्धतीने प्रत्येक शेतकरी सरकारशी एकटा बांधला गेला. सारा रोकडीने आणि ठरल्या हप्त्याने भरावयाचा. पीक बुडाले तरी हप्ता बुडू नये. रोकड कुळाजवळ नसे, ती सावकाराजवळ असे. आणि खतावर अंगठा उठला की दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या बाजूने धावे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-खते जाळली, ती या कोंडीतून. त्याच काळात आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी तरुण टोळी जमवून पुणे, नाशिक, नगर आणि ठाणे जिल्ह्यांतील सावकारांवर हल्ले करू लागला. त्या हल्ल्यांत कित्येक सावकारांची नाके कापली गेली. १८७६ साली तो पकडला गेला. त्याच्या बंडामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान होता, यात शंका नाही; ज्यांनी आपली अब्रू घेतली, त्यांच्या तोंडावर त्या अब्रूहरणाची खूण कायमची कोरावी, अशी ती सूडबुद्धी होती. परंतु एकाच्या देहाची विटंबना करून दुसऱ्याची प्रतिष्ठा परत येत नाही. सत्यशोधकांनी याच मुलखात आणि याच वर्षांत जो मार्ग धरला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते. त्यांनी सुरा उचलला नाही. त्यांनी दावा मांडला.

१८७६-७८ च्या दुष्काळात सरकार स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ते, तलाव, कालवे यांची कामे निघाली आणि लाखो लोक त्यांवर खपले. परंतु त्या साहाय्याच्या मुळाशी एक कठोर हिशेब होता. कलकत्त्याहून हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी असे ठरविले, की कामावरील पुरुषास दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे अर्ध्या शेरास किंचित कमी, इतके धान्य येईल एवढे वेतन आणि वर किरकोळ पैसा मिळाला की पुरे. हे धोरण मुंबई इलाख्यात येताच उपाशी मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचा देह किती धान्यावर तग धरील, हा प्रश्न गणिताचा समजला गेला. तो माणूस आहे, त्याला घर आहे, लज्जा आहे, घरी म्हातारी आई आहे, या गोष्टी त्या गणितात बसत नव्हत्या.

ज्याला खडी फोडता येत नव्हती, त्याचे काय? आंधळा, पांगळा, जराजर्जर, मतिमंद, असा मनुष्य दुष्काळी कामावर जाऊन काय करणार? या दुष्काळाच्या अनुभवानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला, त्याने १८८० साली अहवाल दिला, आणि त्यावरून १८८३ साली दुष्काळी कायद्याचा नमुना तयार झाला. त्या व्यवस्थेत अशा लोकांसाठी धर्मादाय साहाय्याची तजवीज होती: पाटलाने गावातील असमर्थांची यादी करावी, अंमलदाराने फिरून ती तपासावी, आणि ज्यांना पोसणारे नातलग नाहीत अशांना घरबसल्या धान्य अथवा पैसा मिळावा. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याने अपंग माणसाप्रत आपले काही कर्तव्य आहे असे लेखी मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे श्रेय देणे इतिहासाला भाग आहे. परंतु त्या तजविजीतला माणूस ओळखला जातो तो त्याला काय करता येत नाही यावरून. समर्थ देह म्हणजे मजूर, असमर्थ देह म्हणजे धर्मादायाचा धनी. या दोन रकान्यांपलीकडे तिसरा रकाना त्या वहीत नव्हता. रयतेचा माणूस म्हणून राज्यावर काही हक्क आहे, आणि तो हक्क हातपाय चालोत वा न चालोत तसाच राहतो, हा विचार त्या काळच्या कचेऱ्यांत जन्मला नाही. तो जन्मला पुण्याच्या एका माळ्याच्या घरात, आणि त्याची मशागत झाली ती जुन्नर-ओतूरसारख्या गावांत.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, आणि लवकरच ओतूर हे त्याचे एक बळकट ठाणे बनले. मांडवी नदीच्या काठचे हे गाव, तेथील डुंबरे पाटील मंडळी शेतीत आणि गावकीत वजनदार. दुष्काळात सत्यशोधकांनी केलेले काम गावाने पाहिले होते. त्यामुळे जोतीरावांचा शब्द तेथे पोकळ वाटत नव्हता. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. छापून येण्याआधीच ज्या गावी तो लोकांना वाचून दाखविला गेला, त्यांत जुन्नर आणि ओतूर ही नावे आहेत. सारा भरणाऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या राज्यात सारा भरणाऱ्याचीच मुले निरक्षर का, पाणी अडवून बंधारे बांधण्यास सरकारची फौज आणि पोलीस का लावू नयेत, चांगल्या वळूंची पैदास सरकारने का करू नये, असे रोखठोक प्रश्न त्या वाचनांत कुणब्यांच्या कानी पडले. सुराज्य म्हणजे शांतता आणि वसुली एवढेच नव्हे. ज्याच्या श्रमावर राज्य उभे आहे, त्याची बुद्धी, त्याची जमीन आणि त्याची अब्रू वाढविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा धडा या तालुक्याने पुस्तक हाती येण्यापूर्वीच कानाने घेतला.

त्या धड्याची कसोटी लगेच लागली. १८८४ च्या सुमारास ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, ग्रामजोशास न बोलावता लावले. लग्न लावणे आणि दक्षिणा घेणे हे आपले वतन आहे, आणि यजमानाने बोलावले नाही म्हणून ते बुडत नाही, असे म्हणून ग्रामजोश्यांनी जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. रकमेने पाहिले तर कज्जा क्षुल्लक. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न असा होता, की शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्याच मुलाबाळांच्या मंगल कार्यात, त्याच्या मर्जीविरुद्ध मध्यस्थ म्हणून उभे राहण्याचा जन्मसिद्ध अधिकार कोणास असू शकतो काय. जोतीरावांनी हा दावा आपला मानला, प्रतिवादीच्या कागदांची आणि खर्चाची काळजी वाहिली, आणि १८८७ साली सत्यशोधक रीतीने पूजा व मंगल कार्ये कशी करावीत याचे पुस्तकही सिद्ध केले, म्हणजे निकाल काहीही लागो, गावकऱ्यांचे काम अडू नये. जुन्नरहून पुण्यास, पुण्याहून मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत हा कज्जा चढत गेला, आणि अखेरीस पुरोहितावाचून लग्न लावणाऱ्यांची बाजू न्यायाची ठरली. खेड्यातल्या एका पाटलाने वर्षानुवर्षे कोर्टाचे उंबरठे झिजविले ते काही रुपये वाचविण्यासाठी नव्हे. आपल्या घरात आपण पुरते माणूस आहोत, एवढेच त्यास लिहून हवे होते.

याच सुमारास जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. अवाच्या सवा खंड भरून आपल्याच घामाने दुसऱ्याची कोठारे भरण्यापेक्षा नांगर उभा ठेवणे बरे, असा तो निर्धार होता. जमिनी पडीत राहिल्या, आणि वाटाघाटी करणे भाग पडले. येथेही जोतीराव पाठीशी होते. सुप्यात खते जळाली होती, जांभोरीच्या रानातून नाके कापली गेली होती. जुन्नरच्या कुळांनी मात्र केवळ हात आवरून धरले, आणि त्या आवरलेल्या हातांचे सामर्थ्य धन्यांना उमगले.

पुढे जे घडले ते एका व्यक्तीच्या आयुष्यात घडले. परंतु त्या व्यक्तीच्या आयुष्यात मुलखाचा सारा प्रश्न सामावलेला असल्याने ते या इतिहासाचेच पान आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत जनतेने जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांच्यासारख्या स्नेह्याने उपचार केले, सावित्रीबाई रात्रंदिवस उशाशी बसल्या. प्राण वाचला, पण उजवा हात परत आला नाही. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ आणि ‘असूड’ लिहिले, तो हात निकामी झाला. कंत्राटदारीत मिळविलेला पैसा समाजकार्यात संपत आलेला होता. आजारपणाचा खर्च चालावा म्हणून मित्रांना धडपडावे लागले, आणि मामा परमानंदांसारख्या स्नेह्याने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. ज्याने पुण्याच्या नगरपालिकेत सहा वर्षे सभासद म्हणून काम केले, हंटर आयोगासमोर सर्वांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, त्याला विकल अवस्थेत आधार द्यावा अशी कोणतीही व्यवस्था त्या राज्यात नव्हती. पक्षाघात झालेला मनुष्य हा त्याच्या घरच्यांचा आणि मित्रांचा भार, अशीच त्या काळाची समजूत होती. आणि आपला काळ त्या समजुतीतून अजून पुरता बाहेर आला आहे, असे म्हणवत नाही.

परंतु जोतीरावांनी स्वतःला भार मानले नाही. त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरली. साठी ओलांडलेल्या, उजव्या हाताची सवय हाडीमासी रुजलेल्या माणसाने डाव्या हाताने अक्षर वळवावयास शिकणे म्हणजे काय, हे ज्याने घरात पक्षाघाताचा रोगी पाहिला आहे तोच जाणेल: बोटे ऐकत नाहीत, ओळ सरकते, शब्द मनात पुढे धावतो आणि हात मागे राहतो. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असे सिद्ध झाले. १८८९ च्या फेब्रुवारीत, त्याच अवस्थेत, त्यांनी चिरंजीव यशवंताचे लग्न सत्यशोधक पद्धतीने केले. एप्रिलच्या पहिल्या तारखेस ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि पुस्तक यशवंतांनी १८९१ साली प्रसिद्ध केले.

या ग्रंथाच्या पानांत जुन्नरच्या साऱ्या लढ्यांचा निष्कर्ष आहे. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि सर्व मानवी हक्कांचे अधिकारी केले आहे. कोणी कोणावर जुलूम करण्याचा अधिकार घेऊन येत नाही. आणि हा अधिकार हिरावून घेणारे राज्य असो वा धर्म, तो अन्यायच होय. सत्य वर्तन करणाऱ्याची लक्षणे सांगताना ते केवळ ईश्वर, विवाह, राज्य यांचीच चर्चा करीत नाहीत. शरीराने थकलेल्या वृद्धांना सन्मान देणारा, पंगू आणि पोरकी मुले यांना यथाशक्ती साहाय्य करणारा, आणि असे साहाय्य करणाऱ्याला मान देणारा, यालाही ते त्या पंक्तीत बसवितात. येथे थांबून विचार केला पाहिजे. दुष्काळी कायद्याच्या वहीतही पंगू मनुष्य आहे आणि या ग्रंथातही आहे. परंतु वहीत तो मजुरीतून वजा केलेला आकडा आहे, तर ग्रंथात तो हक्कधारी मानवांच्या समाजातला एक मानव आहे. साहाय्याच्या शेजारी तेथे सन्मान बसला आहे. आणि हे लिहिणारा हात स्वतः विकल होता, म्हणून ती करुणेने केलेली शिफारस राहत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या माणुसकीचा दावा चालविला, त्याने अखेरीस आपल्या देहाच्या साक्षीने दिलेली ती जबानी आहे.

असे विचार फार काळ पुस्तकात राहत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोतीरावांना आपल्या गुरूंत गणले. आणि ज्या संविधानाच्या मसुद्याचे ते शिल्पकार होते, त्याच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा अधिकार राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत सुरक्षित करावा, असे निर्देशक तत्त्व आले. १९८० साली महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. १९९५ साली अपंगांसाठी पहिला व्यापक केंद्रीय कायदा झाला. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी विकलांग व्यक्तींच्या हक्कांची सनद संमत केली आणि पुढच्याच वर्षी भारताने तिला मान्यता दिली. त्या सनदेस अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात २१ प्रकारच्या विकलांगतांना मान्यता आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आहेत, आणि समानता व प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही उभारला. १८८० च्या धर्मादायापासून २०१६ च्या अधिकारापर्यंतचा हा प्रवास सुराज्याच्या इतिहासातील थोर प्रवास आहे, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे.

परंतु पाटलाच्या यादीची सावली अजून गेलेली नाही. आजही राखीव जागेसारख्या लाभाचा दरवाजा ४० टक्के विकलांगतेच्या दाखल्यापाशी उघडतो. आजही देह मोजूनच माणूस ओळखला जातो. मोजमाप सर्वथा टाळता येणार नाही, हे खरे. राज्याला हिशेब ठेवावाच लागतो. पण मोजणारा कोणत्या नजरेने मोजतो, हे राज्याचे चारित्र्य ठरविते. घाटमाथ्याकडच्या वाडीतील पांगळ्या माणसाला दाखल्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे, अर्जासाठी जुन्नर वा घोडेगावच्या तहसील कचेरीत आणि दरसाल हयातीच्या दाखल्यासाठी पुन्हा एकदा रांगेत उभे राहावे लागत असेल, तर कायदा हक्काचा असून व्यवहार धर्मादायाचाच राहिला, असे म्हणावे लागते. कचेरीच्या पायऱ्या चढता येत नाहीत अशा माणसाकडे कचेरीनेच चालत जावे, हा दुष्काळी कायद्यातलाही नियम होता. अंमलदाराने गावोगाव फिरून यादी तपासावी असे तेथे लिहिले होते. परकीय राज्याने भुकेच्या वर्षात जे कर्तव्य मानले, ते आपल्या राज्याने सुबत्तेच्या वर्षात का मानू नये?

ओतूरच्या पाटलांनी न्यायालयात जे मागितले, जुन्नरच्या कुळांनी नांगर उभा ठेवून जे मागितले, आणि जोतीरावांनी डाव्या हाताने जे लिहून ठेवले, ते एकच होते: देणाऱ्याने वरून द्यावे आणि घेणाऱ्याने खाली मान घालून घ्यावे, ही रीत मोडावी. ती रीत मोडण्याचे काम कायद्याने अर्धे केले आहे. उरलेले अर्धे ग्रामसभेत, शाळेच्या वर्गात, तलाठ्याच्या टेबलाशी आणि आपापल्या घरच्या ओसरीवर करावयाचे आहे. आणि ते करावयाचे ते उपकार म्हणून नव्हे, तर एका पुराण्या दाव्याची बाकी राहिलेली बजावणी म्हणून. गावातला जो मनुष्य सर्वांत कमी चालू शकतो, त्याच्यापर्यंत राज्य ज्या दिवशी विनासायास पोहोचेल, त्या दिवशी या दाव्याची पूर्ण बजावणी झाली, असे जुन्नरला म्हणता येईल.